आराखडा जमिनीवर बसवताना

इमारत, रस्ता, जलवाहिनी किंवा वसाहतीचा लेआउट यांचे आराखडे आज जवळजवळ सर्वत्र कॅड सॉफ्टवेअरवर काढले जातात, आणि १९८२ मध्ये आलेल्या ऑटोकॅडमुळे रूढ झालेली डी.डब्ल्यू.जी. फाइल व देवाणघेवाणीसाठीची डी.एक्स.एफ. फाइल या दोन स्वरूपांत ते एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत असतात. अशा आराखड्यात भिंतीची जाडी मिलिमीटरपर्यंत नेमकी असते, दोन खांबांमधले अंतर, रस्त्याची रुंदी, भूखंडाच्या कोपऱ्यातला कोन हे सारे तपासून घेता येते. परंतु ही जागा पुण्यात आहे की परभणीत, हे त्या फाइलीला सहसा ठाऊक नसते. भौगोलिक माहितीप्रणाली, म्हणजे जीआयएस, हिचे याच्या उलट असते. क्यूजीआयएस, आर्कजीआयएस यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये गट नंबरांच्या हद्दी, विकास योजनेतली आरक्षणे, पूररेषा आणि उपग्रहचित्र हे थर एकमेकांवर नेमके बसतात, ते प्रत्येक बिंदूला पृथ्वीवरचे ठिकाण जोडलेले असते म्हणूनच. कॅड आराखड्याला असे ठिकाण जोडून देण्याच्या क्रियेला भूसंदर्भीकरण किंवा कार्यालयीन बोलीत जिओरेफरन्सिंग म्हणतात. आराखडा उचलून उपग्रहचित्रावर नेऊन ठेवण्याइतकी ही क्रिया सोपी वाटते आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. कारण आराखडा ही मोजून काढलेली वस्तू आहे, तो हलवण्याची मुभा आहे, फिरवण्याचीही आहे, पण ताणण्याची मुभा जवळजवळ नाही.

कॅडचा कागद म्हणजे एक सपाट, अमर्याद पातळी असते आणि तिच्यावर एक आरंभबिंदू असतो, जिथून क्ष आणि य ही अंतरे मोजली जातात. हा आरंभबिंदू कुठे मानायचा हे आराखडा काढणाऱ्याच्या सोयीवर सोडलेले असते. वास्तुविशारद बहुधा इमारतीचा एक कोपरा शून्य-शून्य धरतो. टोटल स्टेशन हे मोजणीचे यंत्र घेऊन जागेवर गेलेला मोजणीदार पहिल्या स्टेशनला १०००, १००० असे निर्देशक देतो, जेणेकरून पश्चिमेला किंवा दक्षिणेला कितीही गेले तरी ऋण आकडे येऊ नयेत. असा आराखडा जीआयएसमध्ये उघडून त्याला पुण्यासाठी योग्य असलेली निर्देशकप्रणाली चिकटवली, तर तो पुण्यात येत नाही. तो विषुववृत्ताला लागून, मालदीवच्या पश्चिमेला हिंदी महासागरात जाऊन पडतो, कारण त्या प्रणालीत १०००, १००० या निर्देशकांचा अर्थ तोच आहे. पडद्यावर आराखडा दिसेनासा झाला की फाइल बिघडली असा समज होतो. प्रत्यक्षात फाइल धडधाकट असते आणि सॉफ्टवेअरही आकडे जसे आहेत तसेच वाचत असते.

स्थानिक आरंभबिंदू वापरण्यामागे निव्वळ आळस असतो असेही नाही. पुणे शहराच्या मध्याजवळचे मीटरमधले निर्देशक पूर्वेकडे सुमारे ३,७८,००० आणि उत्तरेकडे सुमारे २०,४८,००० असे येतात. चित्र रंगवणारे ग्राफिक्स कार्ड बहुधा ३२ बिटांच्या अपूर्णांकांवर चालते आणि वीस लाखांच्या घरातल्या संख्येसाठी अशा अपूर्णांकाची लागोपाठची दोन मूल्ये एकमेकांपासून १२.५ सेंटीमीटर अंतरावर असतात. परिणामी काही सॉफ्टवेअरमध्ये आरंभबिंदूपासून फार दूर नेलेला आराखडा मोठा करून पाहिला की रेषा थरथरतात, वर्तुळे कंगोरेदार दिसतात आणि हॅच विस्कटते. म्हणून इमारतीचे तपशील आरंभबिंदूजवळ काढायचे आणि पृथ्वीवरचे ठिकाण वेगळे नोंदवून ठेवायचे, ही विभागणी तांत्रिकदृष्ट्या रास्त आहे. अडचण होते ती दुसरा अर्धा भाग कोणीच करत नाही तेव्हा.

पृथ्वीवरचे ठिकाण सांगायला दोन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. पृथ्वीची कोणती गणिती आकृती मानली आणि ती अंतराळात कुठे रोवली, याला डेटम म्हणतात. आणि त्या वक्र आकृतीवरचे अक्षांश-रेखांश सपाट कागदावर कोणत्या नियमाने उतरवले, याला प्रक्षेपण म्हणतात. १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून विल्यम लॅम्बटनने जे त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले, त्याच्या मापनांवरून जॉर्ज एव्हरेस्टने १८३० मध्ये ठरवलेल्या आकृतीची विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे ६३,७७,२७६ मीटर होती, आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलदर्शक नकाशे तिच्यावरच उभे आहेत. जीपीएस ज्यावर चालते त्या डब्ल्यूजीएस ८४ या डेटममध्ये हीच त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर आहे, शिवाय त्याचा केंद्रबिंदूही वेगळ्या जागी आहे. एकच अक्षांश-रेखांश या दोन डेटमवर मांडला तर पुण्याच्या परिसरात दोन ठिकाणांमध्ये शंभर मीटरहून अधिक अंतर पडते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठीची नकाशामालिका डब्ल्यूजीएस ८४ वर आणली गेली, तरी जुन्या नकाशावरून निर्देशक उचलून काढलेले आराखडे अजून वापरात आहेत. शंभर-सव्वाशे मीटरची एकाच दिशेची तफावत दिसली की पहिला संशय डेटमवर घ्यावा.

प्रक्षेपणांपैकी भारतात अभियांत्रिकी कामासाठी सर्वाधिक चालणारे म्हणजे यूटीएम. त्यात पृथ्वीच्या सहा-सहा अंशांच्या उभ्या पट्ट्या पाडलेल्या असतात. ७२ ते ७८ अंश पूर्व ही ४३ वी पट्टी आणि ७८ ते ८४ ही ४४ वी. मुंबई, पुणे, नाशिक, अमरावती आणि अख्खा गोवा ४३ व्या पट्टीत पडतो, तर नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली ४४ व्या. मुंबई आणि नागपूर यांना जोडणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ही सीमा ओलांडतो, तेव्हा त्याच्या सलग आराखड्यासाठी एक पट्टी निवडून दुसरीकडचा भागही तिच्यातच मांडावा लागतो. निवडलेली पट्टी कोणती, हे फाइलीसोबत लिहिलेले नसेल तर पुढचा माणूस अंदाजच करणार, कारण दोन्ही पट्ट्यांतले आकडे दिसायला सारखेच असतात.

इथेच एक फरक नीट समजून घ्यावा लागतो, जो सॉफ्टवेअरच्या मेनूत दोन शेजारच्या ओळींत दडलेला असतो. प्रणाली नेमून देणे म्हणजे ‘या फाइलीतले आकडे अमुक प्रणालीत आहेत’ असे जाहीर करणे. त्याने एकही आकडा बदलत नाही. पुनर्प्रक्षेपण म्हणजे एका प्रणालीतले आकडे हिशेब करून दुसऱ्या प्रणालीत नेणे; त्याने सगळे आकडे बदलतात. आराखडा आधीच ४३ व्या पट्टीत काढलेला असेल तर केवळ नेमणूक पुरते. तो स्थानिक आरंभबिंदूवर असेल तर यांपैकी एकही उपाय चालत नाही, कारण त्याच्यातले आकडे पृथ्वीवरच्या कोणत्याही प्रणालीतले नसतात. भूसंदर्भीकरण ही तिसरी आणि वेगळी क्रिया त्यासाठीच लागते.

त्याआधी एककाचा प्रश्न. कॅडमधला १ हा नुसता १ असतो. तो मिलिमीटर आहे, मीटर आहे की फूट, हे फाइलीच्या एका सेटिंगमध्ये लिहिलेले असते आणि ते सेटिंग चुकीचे असण्याची शक्यता बरीच मोठी असते. त्यापेक्षा ज्याची लांबी सर्वांना माहीत आहे अशी वस्तू आराखड्यात मोजून पाहावी: दरवाज्याची रुंदी ९०० आली तर एकक मिलिमीटर, ०.९ आली तर मीटर, ३ च्या आसपास आली तर फूट. फुटातही एक खाचखळगा आहे. आंतरराष्ट्रीय फूट नेमका ०.३०४८ मीटरचा असतो, तर अमेरिकेत २०२२ अखेर निवृत्त केलेला सर्वेक्षण फूट त्याहून दशलक्षांश दोन भागांनी मोठा आहे. दरवाज्याच्या मापात हा फरक कधीच जाणवणार नाही, पण पुण्याच्या वीस लाख मीटरच्या उत्तर-निर्देशकावर तो चार मीटरहून थोडा जास्त भरतो. म्हणून आंतरराष्ट्रीय फुटातला आराखडा मीटरमध्ये नेताना एककांच्या यादीतली शेजारची ओळ चुकून निवडली गेली, तर सगळे मोजमाप बरोबर आणि जागा मात्र चार मीटर उत्तरेला, असा चमत्कारिक निकाल हाती येतो.

आता प्रत्यक्ष रूपांतर. समजा, पुण्यातल्या एका लेआउटच्या आराखड्यात कुंपणाचा नैर्ऋत्य कोपरा १०००, १००० येथे आहे आणि ईशान्येकडचा कोपरा १२४०, ११८० येथे, एकक मीटर. दोघांमधले अंतर, पायथागोरसच्या नियमाने २४० आणि १८० यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की, बरोबर ३०० मीटर येते. याच दोन कोपऱ्यांवर जीएनएसएस रोव्हर उभा करून ४३ व्या पट्टीतले निर्देशक घेतले. जीएनएसएस म्हणजे जीपीएस आणि तिच्यासारख्या इतर उपग्रहमालिकांचे सामायिक नाव, आणि रोव्हर म्हणजे दुसऱ्या स्थिर केंद्राच्या आधाराने दोन-चार सेंटीमीटरपर्यंत नेमके ठिकाण देणारे फिरते यंत्र. नैर्ऋत्य कोपरा पूर्व ३,७८,६१२.४०, उत्तर २०,४८,१०५.७५ असा आला आणि ईशान्य कोपरा पूर्व ३,७८,७९२.३५, उत्तर २०,४८,३४५.६८ असा. म्हणजे पूर्वेकडचा फरक १७९.९५ आणि उत्तरेकडचा २३९.९३, अंतर २९९.९१ मीटर. आराखड्यात हीच रेषा क्ष-अक्षाशी ३६.८७ अंशांचा कोन करते, यूटीएमच्या जाळ्यात, म्हणजे ग्रिडवर, पूर्व दिशेशी ५३.१३ अंशांचा. तेव्हा आराखडा घड्याळाच्या उलट दिशेने १६.२६ अंश फिरवायचा, त्याचे प्रमाण ०.९९९७ पट करायचे आणि मग पहिला कोपरा पहिल्या कोपऱ्यावर नेऊन ठेवायचा. सरकवण्याची दोन मापे, फिरवण्याचा एक कोन आणि एक प्रमाण, अशा चार अज्ञात राशी दोन बिंदूंच्या चार निर्देशकांवरून निघतात. जर्मन भूमापनशास्त्रज्ञ फ्रीडरिश रोबेर्ट हेल्मर्ट (१८४३–१९१७) यांच्या नावाने ओळखले जाणारे हे रूपांतर आकार जसाच्या तसा ठेवते: काटकोन काटकोनच राहतो आणि चौरस चौरसच.

या उदाहरणात तीनशे मीटरमागे जे सुमारे ९ सेंटीमीटर कमी भरले, ते मोजणीदाराच्या हातून निसटलेले नाहीत. यूटीएममध्ये प्रत्येक पट्टीच्या मध्य रेखावृत्तावर, म्हणजे ४३ व्या पट्टीसाठी ७५ अंश पूर्वेवर, प्रमाण मुद्दाम ०.९९९६ ठेवलेले असते, जेणेकरून कडेला होणारी वाढ आटोक्यात राहावी. मध्यापासून दोन्ही बाजूंना सरकत गेले की हे प्रमाण वाढते, सुमारे १८० किलोमीटरवर बरोबर १ होते आणि त्यापलीकडे १ हून जास्त. पुणे या मध्यापासून सुमारे १२१ किलोमीटर पश्चिमेला आहे, त्यामुळे तिथे एक किलोमीटर अंतर ग्रिडवर सुमारे २२ सेंटीमीटर कमी दिसते. मुंबई सुमारे २२३ किलोमीटर दूर असल्याने तिथे तेच अंतर सुमारे २१ सेंटीमीटर जास्त दिसते. भर म्हणून, पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर असल्याने तिथली जमिनीवरची अंतरे गणिती आकृतीवर उतरवताना किलोमीटरमागे आणखी आठ-नऊ सेंटीमीटर आखडतात. दोन्ही मिळून किलोमीटरला ३० सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे तीनशे मीटरला ९. एखाद्या बंगल्याच्या आराखड्यात याची चिंता करण्याचे कारण नाही. दहा किलोमीटरच्या जलवाहिनीत मात्र हाच फरक तीन मीटरांवर जातो आणि त्यावरून कंत्राटदार व सल्लागार यांच्यात वाद होतात. आलेले प्रमाण या अपेक्षित आकड्याच्या जवळ आहे का, ही म्हणूनच एक फुकटची चाचणी ठरते. ०.९९९७ आले तर ठीक, ०.००१ आले तर आराखडा मिलिमीटरमध्ये आहे, ०.३०४८ च्या जवळ आले तर फुटांत; आणि ०.९८ आले तर निवडलेल्या दोन कोपऱ्यांपैकी एक कोपरा तो नव्हेच.

उत्तर दिशेचेही असेच आहे. आराखड्यावर काढलेला उत्तरेचा बाण चुंबकीय उत्तर दाखवतो, खरी उत्तर दाखवतो की केवळ वास्तुविशारदाने शोभेसाठी ठेवलेला आहे, हे बाण पाहून कळत नाही. शिवाय ग्रिडची उभी रेषा आणि खरी उत्तर या भारतात मध्य रेखावृत्ताखेरीज कुठेच जुळत नाहीत. पुण्यात त्यांच्यात सुमारे २२ कलांचा, तर मुंबईत सुमारे ४२ कलांचा कोन पडतो. अंशाच्या साठाव्या भागाला कला म्हणतात, तेव्हा २२ कला ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण किलोमीटरभर लांब रेषा तेवढ्या कोनाने चुकली तर तिचे दुसरे टोक सहा मीटरहून जास्त बाजूला पडते. म्हणून आराखडा फिरवण्याचा कोन बाणावरून घेऊ नये. तो नेहमी दोन ओळखीच्या बिंदूंवरून काढावा.

दोन बिंदूंनी उत्तर मिळते खरे, पण ते बरोबर आहे की नाही याची खात्री मिळत नाही, कारण चार अज्ञात राशी आणि चार समीकरणे असली की हिशेब कोणत्याही आकड्यांवर तंतोतंत जुळतो. एका कोपऱ्याचे वाचन पाच मीटर चुकलेले असेल तरी सॉफ्टवेअर तक्रार करणार नाही. ते इमानेइतबारे सगळा आराखडा त्या चुकीसह फिरवून देईल. तिसरा बिंदू लागतो तो पडताळणीसाठी. वरच्या उदाहरणात आग्नेयेचा कोपरा आराखड्यात १३००, ९०० येथे असेल, तर काढलेल्या रूपांतराने तो पूर्व ३,७८,९२८.३१, उत्तर २०,४८,०९३.७५ येथे यायला हवा. रोव्हरने तिथे पूर्व ३,७८,९२८.३४, उत्तर २०,४८,०९३.७१ दाखवले, तर ३ आणि ४ सेंटीमीटरचे फरक मिळून ५ सेंटीमीटरची तफावत उरते. या उरलेल्या तफावतीला रेसिड्युअल म्हणतात आणि रोव्हरच्या नेमकेपणाशी ती जुळणारी आहे. तीच तफावत पावणेदोन मीटर आली असती तर बिंदू ओळखण्यात, कुंपण बांधण्यात किंवा मूळ आराखड्यात काहीतरी चुकले आहे असे समजून जागेवर पुन्हा जावे लागले असते.

बिंदू कुठले घ्यावेत यावर बरेच काही अवलंबून असते. ते जागेच्या टोकाटोकांना असावेत. वीस मीटर अंतरावरच्या दोन बिंदूंत पाच सेंटीमीटरची चूक असेल तर सहाशे मीटर लांबच्या कोपऱ्यावर ती दीड मीटर होते. बिंदू जमिनीलगतचे असावेत: कुंपणाच्या भिंतीचा कोपरा, मोरीचा कठडा, मोजणी खात्याने रोवलेला हद्दीचा दगड. उपग्रहचित्रावरून बिंदू घ्यायचे असतील तर उंच इमारतीच्या गच्चीचा कोपरा कधीही घेऊ नये, कारण तिरप्या कोनातून टिपलेल्या चित्रात इमारत झुकलेली दिसते आणि गच्ची आपल्या पायापासून कित्येक मीटर बाजूला पडलेली असते. संगणकावर सहज उपलब्ध असणाऱ्या चित्रांत स्वतःचीच काही मीटरची चूक असू शकते आणि दोन वेगवेगळ्या वर्षांची चित्रे एकमेकांशीही जुळत नाहीत. तेव्हा सेंटीमीटरचा आराखडा अशा चित्रावर बसवून त्याच्या भूखंडांची हद्द ठरवणे म्हणजे सराफाचा काटा लाकडाच्या वखारीतल्या वजनांनी तपासणे होय. ढोबळ नियोजनासाठी चित्र पुरते. हद्दीच्या वादासाठी पुरत नाही, आणि हा फरक नकाशा पाहणाऱ्याला दिसत नसल्याने तो नकाशावर लिहिला पाहिजे.

सर्वाधिक मोह होतो तो या टप्प्यावर. तीन-चार बिंदू दिले, रेसिड्युअल मोठे आले, की सॉफ्टवेअरच्या यादीत खाली आणखी ताकदवान रूपांतरे दिसू लागतात. अफाइन रूपांतर दोन दिशांना वेगवेगळे प्रमाण आणि तिरकसपणाही मान्य करते. त्यात सहा अज्ञात राशी असतात आणि त्या तीन बिंदूंवरून निघतात. द्वितीय घाताच्या बहुपदीला किमान सहा बिंदू लागतात आणि ती सरळ रेषा वाकवू शकते. रबरशीटिंग किंवा पातळ पत्र्याच्या वाकण्यावर बेतलेली स्प्लाइन पद्धत तर प्रत्येक बिंदू त्याच्या जागी ओढूनच आणते. या पद्धतींत आकडे भराभर शून्याकडे जातात. तीन बिंदूंवर अफाइन वापरले तर वर्ग-सरासरी चूक, जिला आरएमएसई म्हणतात, नेमकी शून्य येते आणि अहवालात ते शून्य अचूकतेचा पुरावा म्हणून छापले जाते. वास्तविक तीन बिंदूंचे सहा निर्देशक सहा अज्ञात राशींत खर्च झाले, पडताळायला काहीच उरले नाही, एवढाच त्या शून्याचा अर्थ असतो. चुकीचा बिंदू त्या शून्यात बेमालूम मुरतो आणि काटकोनातला लेआउट किंचित तिरपा होऊन बसतो. १२ मीटरचा रस्ता एका दिशेने ११.८० आणि दुसऱ्या दिशेने १२.१० मोजला जातो. आराखड्यातली मापे शाबूत असताना ती बिघडवून जागा जुळवण्याचा हा उद्योग आहे, आणि कॅड फाइलीवर तो करण्याचे कारण फारच क्वचित घडते.

जुन्या कागदी नकाशांची गोष्ट निराळी आहे आणि गोंधळ बहुधा दोघांना एकच समजण्यातून होतो. मुंबई इलाख्यात १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी जी जमाबंदीची पद्धत बसवली, तिच्यातल्या मोजण्या शंकू-साखळीने होत असत. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एका साखळीचा चौरस म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर. प्रत्येक गाव स्वतंत्रपणे मोजलेले, त्यामुळे शेजारच्या दोन गावांच्या शिवेच्या रेषा एकमेकींशी पूर्ण जुळतीलच असे नसते. शिवाय नकाशाचा कागद किंवा कापड दीडशे पावसाळ्यांत उभे एका प्रमाणात आणि आडवे दुसऱ्या प्रमाणात आखडलेले असते. अशा स्कॅन केलेल्या गावनकाशाला अफाइन रूपांतर लावणे सर्वस्वी योग्य आहे, कारण कागदच दोन दिशांना वेगवेगळा आखडला होता आणि रूपांतर ती विकृती उलटवते. तीन शिवा मिळतात त्या तिवड्याचे दगड जागेवर सापडले तर ते यासाठी उत्तम बिंदू ठरतात. या नकाशावरून माउसने गिरवून कॅड फाइल केली असेल तर तिलाही तोच न्याय लावावा लागतो, कारण फाइलीचा शेवट डी.डब्ल्यू.जी. असला तरी तिच्यातली भूमिती कागदाची असते. म्हणजे पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा नसून आराखडा कशावरून काढला याचा असतो. टोटल स्टेशनच्या वाचनांवरून काढला असेल तर सरकवणे, फिरवणे आणि ग्रिडचे प्रमाण लावणे यापलीकडे जाऊ नये.

प्रत्यक्ष काम तीन ठिकाणी करता येते. कॅडमध्येच करायचे तर ऑटोकॅडमधली अलाइन ही आज्ञा दोन जोड्या बिंदू मागते आणि शेवटी, प्रमाणही बदलायचे का, असे विचारते. तिचे ठरीव उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि मीटरमध्ये काढलेल्या लहान जागेसाठी ते सोडून देण्यासारखे कारण नसते. आर्कजीआयएसमध्ये मूळ फाइलीला हात न लावता तिच्या शेजारी डब्ल्यूएलडी या शेपटीची साधी मजकूर-फाइल ठेवता येते, जिच्या दोन ओळींत आराखड्यातला बिंदू आणि त्याचा जमिनीवरचा बिंदू अशा दोन जोड्या लिहिलेल्या असतात. यापेक्षा जास्त बिंदू ती घेतच नाही, त्यामुळे आराखडा ताणला जाण्याची सोयच उरत नाही. क्यूजीआयएसमधले जिओरेफरन्सर हे साधन पूर्वी फक्त चित्रांसाठी होते. २०२२ च्या ३.२६ आवृत्तीपासून ते रेषाकृतींनाही चालते. तिथे रूपांतराचा प्रकार निवडण्याची यादी उघडी असते, तेव्हा हेल्मर्ट निवडणे ही वापरणाऱ्याची जबाबदारी. कॅडमधून निर्देशक वाचताना आणखी एक दक्षता घ्यावी लागते: ड्राफ्ट्समन कामाच्या सोयीसाठी अक्ष फिरवून घेतो, ज्याला यूसीएस म्हणतात, आणि पडद्यावर दिसणारे आकडे त्या फिरवलेल्या अक्षांवरचे असतात, तर फाइलीतून जीआयएसकडे जातात ते मूळ अक्षांवरचे. वाचन करण्यापूर्वी मूळ अक्षांवर परत यावे, नाहीतर सर्व हिशेब बरोबर करूनही आराखडा वाकडा बसतो.

ठिकाण मिळाल्यावर आराखडा लगेच नकाशा होत नाही. कॅडमध्ये भूखंड म्हणजे चार रेषा असतात. त्या टोकाला मिलिमीटरभर उघड्या राहिल्या तरी कागदावर फरक पडत नाही, पण जीआयएसला क्षेत्रफळ काढण्यासाठी बंद आकृती लागते. भूखंडाचा क्रमांक रेषांजवळ ठेवलेला मजकूर असतो, आकृतीशी जोडलेला गुणधर्म नव्हे. वर्तुळखंड लहान लहान सरळ तुकड्यांत मोडले जातात. ही साफसफाई रूपांतराच्या आधी करावी की नंतर यावर मते आहेत. मूळ मापे तपासता येतात तोवर, म्हणजे आधीच, ती उरकलेली बरी.

रूपांतराच्या चारही राशी फाइलीसोबत जपून ठेवणे अत्यावश्यक असते. वरच्या उदाहरणात त्या अशा येतात: कोन १६.२६ अंश, प्रमाण ०.९९९७१३, आणि स्थानिक आरंभबिंदूचे नवे ठिकाण पूर्व ३,७७,९३२.५९, उत्तर २०,४६,८६६.११. सोबत डेटम, पट्टी, एकक, बिंदू कोणत्या साधनाने घेतले आणि तिसऱ्या बिंदूवर किती तफावत राहिली, एवढे असले की काम उलट दिशेनेही करता येते. ते वारंवार लागते, कारण जीआयएसमध्ये एखादी पूररेषा किंवा आरक्षणाची कड दिसली की ती वास्तुविशारदाला त्याच्या आराखड्यात हवी असते आणि त्याला ती ग्रिडच्या निर्देशकांत देऊन उपयोग नसतो. ग्रिडवरून आखडलेली फाइल जशीच्या तशी जागेवर लाइनआउटसाठी पाठवली, तर गवंड्याचा टेप ३०० मीटर दाखवेल तिथे नकाशा २९९.९१ म्हणत राहील. अशा वेळी उलट रूपांतर करून मूळ मापांचा आराखडाच जागेवर द्यावा लागतो आणि ग्रिडमधली प्रत नकाशासाठी वेगळी ठेवावी लागते.